शंभरापैकी किती?

मुलांनो, अशी कल्पना करा. सहामाही परीक्षेचा निकाल लागला आहे. प्रगतिपुस्तक घेऊन तुम्ही घरी आला आहात. मराठीत तुम्हांला ३६ गुण मिळाले आहेत आणि गणितात ५४. अब्बा आकडे पाहून म्हणतात, "गणित चांगले आहे, पण मराठी फारच कच्चे राहिले." तुमचा चेहरा पडतो. पण अब्बांचे म्हणणे बरोबर आहे का?

जरा थांबा. मराठीची परीक्षा ५० गुणांची होती आणि गणिताची ८० गुणांची. एकूण गुण वेगवेगळे असतील, तर नुसत्या मिळालेल्या गुणांची तुलना करता येत नाही. दोन्ही विषय एकाच मापाने मोजावे लागतात. ते माप म्हणजे शंभर.

शंभरापैकी किती, हे सांगणे म्हणजे टक्के किंवा शेकडेवारी सांगणे. उर्दूत तुम्ही 'फीसद' म्हणता. 'फी' म्हणजे दर आणि 'सद' म्हणजे शंभर. मराठीतील 'शेकडा' या शब्दातही शंभरच आहेत. शब्द दोन, अर्थ एक!

टक्के काढण्याची रीत सोपी आहे. मिळालेल्या गुणांना १०० ने गुणा आणि आलेल्या संख्येला एकूण गुणांनी भागा.

मराठी : ३६ × १०० ÷ ५० = ७२ टक्के
गणित : ५४ × १०० ÷ ८० = ६७.५ टक्के

पाहा, मराठीतच तुमचे यश मोठे आहे!

आता दोन्ही विषयांचे मिळून टक्के किती? पुष्कळ मुले ७२ आणि ६७.५ यांची बेरीज करून तिची निम्मी करतात. उत्तर येते ६९.७५. हे चूक आहे. गणिताची परीक्षा मोठी होती, हे ती मुले विसरतात. आधी गुणांची बेरीज करा. मिळालेले गुण ९० आणि एकूण गुण १३०. म्हणून ९० × १०० ÷ १३० = सुमारे ६९.२३ टक्के.

कधी कधी उलटेही विचारतात. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के गुण हवे असतील, तर ८० गुणांच्या परीक्षेत किती गुण हवेत? ८० × ३५ ÷ १०० = २८.

तेव्हा मुलांनो, कोणी नुसते गुण सांगितले, तर लगेच हसू नका आणि रडूही नका. आधी विचारा, "कितीपैकी?" मग कागद-पेन्सिल घ्या आणि अब्बांनाही हिशेब समजावून सांगा.

करून पाहा : इतिहासात ४० पैकी ३० आणि विज्ञानात ६० पैकी ४२ गुण मिळाले. कोणत्या विषयात यश अधिक? दोन्ही मिळून टक्के किती?