तोंडावरचे डाग आणि बाजारातली ट्यूब

चेहऱ्यावर डाग पडला, मुरूम उठले, किंवा बाईच्या हनुवटीवर केस आले, की चारचौघांत जायला लाज वाटते. घरात लग्नाची मुलगी असली तर आईच्या जिवाला घोर लागतो. मग कुणीतरी सांगतं, "एक ट्यूब मिळते. पंधरा दिवसांत तोंड उजळतं." ती ट्यूब आणण्याआधी चार गोष्टी समजून घेऊ या.

पहिली गोष्ट डागाची. आपल्या कातडीत रंग असतो. तो उन्हापासून कातडीला जपतो. काही जणांच्या गालांवर, नाकावर, कपाळावर हा रंग जास्त साचतो. त्यालाच आपण वांग म्हणतो. गरोदरपणी तो पुष्कळ जणींना येतो आणि बाळंतपणानंतर बहुधा हळूहळू फिकट होतो. वांग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. उन्हाने मात्र तो वाढतो. म्हणून शेतात जाताना पदर कपाळावर पुढे ओढावा. पुरुषांनी रुंद काठाची टोपी घालावी.

दुसरी गोष्ट मुरमांची. आम्ही इतकी वर्षे शाळेत मुलं पाहिली. वयात येताना बहुतेक पोरापोरींना मुरूम येतात. या वयात कातडीत तेल जास्त सुटतं, बारीक छिद्रं बुजतात आणि फोड येतो. दिवसातून दोनदा साध्या साबणाने तोंड धुवावे. तोंडाला तेल चोळू नये. नखाने फोड फोडू नये, खड्डा राहतो.

तिसरी गोष्ट केसांची. वस्तरा लावला की केस दाट येतात, असं म्हणतात. ते खरं नाही. वस्तरा केस वरून कापतो, मूळ आत तसंच राहतं. ज्वारी कापल्यावर धसकट हाताला टोचतं, तसंच कापलेल्या केसाचं टोक खरखरीत लागतं, एवढंच. दोऱ्याने काढले तर काही आठवडे येत नाहीत. पण केस एकाएकी वाढले आणि पाळीही चुकू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे.

आता ट्यूबकडे वळू. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉईड नावाचं जालीम औषध असतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोडे दिवस वापरलं तर ते गुणकारी आहे. तोंड उजळायला लावलं, तर आधी उजळतंही. तिथंच माणूस फसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल पडते, उन्हात जळजळते. मुरूम उठतात, नको ते केस वाढतात. गेलो एका दुखण्याला आणि घेऊन आलो चार, अशी गत होते. नायट्याला लावलं तर खाज थांबते, पण नायटा पसरतच जातो.

म्हणून २०१८ साली सरकारने नियम केला, की अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत. तरी काही दुकानांत ती मागताच मिळतात. तेव्हा आपणच सावध राहावे. आता तुम्हाला वाचता येतं. खोक्यावर लाल उभी रेघ दिसली, तर ते चिठ्ठीवरचं औषध समजा. बेटामेथाझोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही स्टेरॉईडची नावं आहेत. खोक्यावर ती बहुधा इंग्रजीत असतात. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. कुणी महिनोन्‌महिने असं मलम लावत असेल, तर मनानेच एकदम बंद करू नये, तोंड भडकून उठतं. ट्यूब बरोबर घेऊन सरकारी दवाखान्यात जावे.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथं हात लावलेला कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. सांगितल्याप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर घेतलं, की रोग बरा होतो. वेळेवर गेलं तर हातापायांना व्यंग येत नाही. वांग राहिला तरी जिवाला धोका नाही. हा चट्टा मात्र एक दिवसही लपवू नका.