धाराशिव जिल्ह्यातील स्त्री-उद्योजकता : शेळी, शिवार आणि सात-बारा

स्वतः जोखीम पत्करून जमीन, भांडवल आणि श्रम ही उत्पादनाची साधने एकत्र आणणारी व्यक्ती म्हणजे उद्योजक, अशी अर्थशास्त्रातील ढोबळ व्याख्या आहे. स्त्रियांच्या संदर्भात तिचा विचार करताना श्रमांपाशी प्रश्न क्वचितच अडतो, कारण श्रम त्या करतच असतात. प्रश्न उरतो तो जमीन आणि भांडवल यांवरील अधिकाराचा. २०१३ मध्ये झालेल्या सहाव्या आर्थिक गणनेनुसार देशातील सुमारे ८० लाख, म्हणजे एकूण आस्थापनांपैकी १३.७६ टक्के आस्थापना स्त्रियांच्या मालकीच्या होत्या. त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक आस्थापनांत एकही पगारी कामगार नव्हता आणि जवळपास तितक्याच आस्थापना केवळ स्वतःच्या पैशांवर उभ्या होत्या. स्वयंरोजगार, म्हणजे स्वतःच्या श्रमांना स्वतःच काम देणे, आणि उद्योजकता, म्हणजे नफ्यातून व्यवसाय वाढवत नेणे, यांतील अंतर हे आकडे दाखवतात. हे अंतर कोठे आणि कशामुळे पडते, याचा शोध घेण्यासाठी धाराशिव जिल्ह्याइतके बोलके उदाहरण मराठवाड्यात दुसरे मिळणे कठीण आहे.

बालाघाटच्या रांगांवर आणि मांजरा, तेरणा, सीना या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा अवर्षणप्रवण आहे. पूर्वी रब्बी ज्वारी आणि कडधान्ये ही येथील शेतीची ओळख होती, अलीकडच्या काळात सोयाबीनने खरीप व्यापला आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांची, म्हणजे विकासाच्या निर्देशांकांत मागे राहिलेल्या जिल्ह्यांची, जी यादी केली तीत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांमध्ये तेव्हाच्या उस्मानाबादचाही समावेश होता. मोठे कारखाने मोजके, पाऊस बेभरवशाचा आणि पुरुष कामासाठी पुणे-मुंबईकडे किंवा ऊसतोडीला जाणारे, अशा परिस्थितीत गावातील अर्थव्यवहार चालू ठेवण्याचे काम मोठ्या प्रमाणात स्त्रियांवर येऊन पडते, हे येथे गृहीत धरावे लागते.

या जिल्ह्यातील संघटित स्त्री-उद्योजकतेचे मूळ कोणत्याही उद्योग धोरणात नाही, ते एका आपत्तीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारीबरोबरच आजच्या उमरगा आणि लोहारा तालुक्यांतील सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त केली. त्यानंतर जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने जो पुनर्वसन कार्यक्रम राबवण्यात आला, त्यात घरदुरुस्तीच्या टप्प्यावर महिला मंडळांतील स्त्रियांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. घरमालक, अभियंता आणि शासकीय यंत्रणा यांच्यात दुवा साधणे, अनुदानाचे हप्ते समजावून सांगणे आणि बांधकाम भूकंपरोधक होते आहे की नाही यावर लक्ष ठेवणे, अशी ही कामे होती. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने या प्रक्रियेत उतरलेला स्वयं शिक्षण प्रयोग हा उपक्रम पुढे १९९८ मध्ये स्वतंत्र संस्था बनला. घराबाहेर पडून हिशेब विचारण्याची आणि अधिकाऱ्यांशी बोलण्याची सवय झालेल्या स्त्रियांनीच नंतर बचत गट बांधले. या क्रमाकडे सहसा दुर्लक्ष होते, आणि प्रशिक्षणाच्या तीन दिवसांत उद्योजक घडवू पाहणाऱ्या योजनांचे अपयश बऱ्याच अंशी त्यातच दडलेले असते.

बचत गटाची कार्यपद्धती साधी आहे. दहा ते वीस स्त्रिया ठरावीक रक्कम नियमित जमा करतात, त्या निधीतून आपसांत कर्ज देतात, याला अंतर्गत कर्जव्यवहार म्हणतात, आणि त्याची नोंद नीट राहिली की बँक त्या गटाला विनातारण कर्ज देते. नाबार्डने १९९२ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू केलेली ही बँक जोडणी महाराष्ट्रात आधी महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि २०११ नंतर उमेद अभियानाने गावोगाव नेली. सावकाराच्या दारातून स्त्रियांची सुटका करण्यात या व्यवस्थेचा वाटा निःसंशय मोठा आहे. परंतु गटाला मिळालेले दहा लाखांचे कर्ज दहा जणींत वाटले गेले की प्रत्येकीच्या हाती एक लाख येतात, आणि त्यांतूनच मुलांची फी, दवाखाना आणि पेरणी भागवावी लागते. याहून मोठी रक्कम हवी असेल तर बँक तारण, म्हणजे कर्जाच्या सुरक्षिततेसाठी गहाण ठेवायची मालमत्ता, मागते आणि ती बहुतेकींच्या नावावर नसते.

भांडवलाची ही कोंडी कंपन्यांच्या वितरण साखळीत शिरून फोडता येईल, असे मधल्या काळात वाटत होते. २००६ च्या सुमारास ब्रिटिश पेट्रोलियम या कंपनीने स्वयं शिक्षण प्रयोगासह काही संस्थांच्या भागीदारीत कमी धुराची ‘ऊर्जा’ नावाची चूल बाजारात आणली आणि गावातील स्त्रियांना तिच्या विक्रेत्या बनवले. शेतातील टाकाऊ पदार्थांपासून बनवलेल्या दाबीव कांड्या हे या चुलीचे इंधन होते. काही वर्षांत कंपनीने हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे सोपवला, कच्चा माल महागला, कांड्यांचे भाव चढले आणि चुली हळूहळू मागे पडल्या. विक्रेत्या स्त्रियांनी बाजार ओळखला, उधारी सांभाळली, दारोदार जाऊन चुलीचे प्रात्यक्षिक दिले. मात्र इंधनाचा भाव ठरवणे त्यांच्या हाती कधीच नव्हते. दुसऱ्याच्या मालाच्या विक्रीतून कौशल्य येते, निर्णयाधिकार येत नाही, एवढे या अनुभवावरून म्हणता येते.

२०१२ नंतरच्या लागोपाठच्या दुष्काळांत जे घडले ते म्हणूनच अधिक महत्त्वाचे आहे. स्वयं शिक्षण प्रयोगाशी जोडलेल्या स्त्रियांनी कुटुंबाकडून अर्धा ते एक एकर जमीन स्वतः कसण्यासाठी मागून घेतली आणि तीवर सोयाबीनऐवजी भाजीपाला, कडधान्ये, तृणधान्ये अशी अनेक खाद्यपिके घरचे बियाणे आणि सेंद्रिय खते वापरून घेतली. आधी घरच्या ताटात, उरले तर बाजारात, असा हा क्रम आहे. एक पीक बुडाले तरी दुसरे हाती लागते, पाणी कमी लागते आणि रोख खर्च घटतो. एक एकर प्रारूप या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीसह या संस्थेच्या कामाला २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा विषुववृत्त पुरस्कार मिळाला. तुळजापूर तालुक्यातील गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांच्यासारख्या कार्यकर्त्या याच प्रवाहातून पुढे आल्या.

मात्र येथे एक भेद नोंदवला पाहिजे. या स्त्रियांना बहुधा मिळतो तो वहिवाटीचा, म्हणजे कसण्याचा अधिकार. सात-बाऱ्यावरील नाव बदलत नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८९-९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवली होती, तिचा आग्रह नेमका या नावाबद्दलच होता. पुढे शासनानेही पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. तरीही पीककर्ज, पीकविमा आणि अनुदान यांच्यासाठी तलाठ्याच्या दप्तरातील नावच विचारले जाते, आणि एक एकर यशस्वी करून दाखवणारी स्त्री त्या दप्तरात अनेकदा नसतेच.

जमिनीच्या तुलनेत शेळी स्त्रीच्या हाती लवकर येते. काळ्याभोर रंगाची, काटक, जुळी करडे देणारी उस्मानाबादी शेळी ही या भागाची स्वतःची जात असून माळावरच्या झाडपाल्यावर ती निभावून नेते. चारणे, पाजणे, आजारपण काढणे हे सारे बाई करते, तरी आठवडी बाजारात शेळी वजनावर न जोखता व्यापाऱ्याच्या नजरेवर विकली जाते आणि सौदा करायला बहुधा पुरुष जातो. तेव्हा नुसते शेळीवाटप पुरेसे ठरत नाही. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस देणारी, जंतनाशक पाजणारी प्रशिक्षित पशुसखी आणि गावातच तराजू, या दोन गोष्टींनी उत्पन्नात अधिक फरक पडू शकतो. हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांची वाटचाल या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. भूमिहीन कुटुंबातून आलेल्या आणि बांगड्या विकण्यापासून सुरुवात केलेल्या कुंभार यांनी कुक्कुटपालन, शेळीपालन, सौर दिव्यांची विक्री असे एकेक काम जोडत नेले आणि इतर स्त्रियांनाही त्यात उभे केले; ८ मार्च २०२२ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारी शक्ती पुरस्कार देण्यात आला. एकाच व्यवसायात सर्व भांडवल न गुंतवता अनेक लहान उत्पन्ने एकत्र बांधण्याची त्यांची रीत व्यवस्थापनाच्या पुस्तकांना विस्कळीत वाटेल, पण पावसाचा भरवसा नसलेल्या जिल्ह्यात तीच शहाणपणाची आहे.

मूल्यवर्धनाच्या, म्हणजे कच्च्या मालावर प्रक्रिया करून त्याची किंमत वाढवण्याच्या बाबतीत जिल्ह्याची स्थिती अजून कच्ची आहे. भूम परिसरातील कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के भांडवली अनुदानाची तरतूद आहे. तथापि धारा काढणाऱ्या स्त्रीऐवजी डेअरीतील खाते घरधन्याच्या नावे असेल, तर मानांकनाचा लाभ तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचणार? कंपनी कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीनुसार दहा उत्पादक एकत्र येऊन उत्पादक कंपनी स्थापन करू शकतात, आणि येथे सभासदत्वाचा आधार जमीन नसून उत्पादन हा आहे. दूध, अंडी, शेळ्या यांच्यासाठी स्त्रियांच्या अशा कंपन्या उभारणे ही सध्याची सर्वांत व्यवहार्य वाट दिसते.

‘लखपती दीदी’ उपक्रमात यशाचे माप वर्षाला किमान एक लाख रुपये असे धरले आहे, परंतु ते उत्पन्न कुटुंबाचे मोजले जाते. त्या उत्पन्नामागील जमीन, जनावर आणि बँक खाते कोणाच्या नावे आहे याची नोंद त्याबरोबर घेतली जात नाही, तोवर धाराशिवच्या स्त्रियांनी विकासाला किती हातभार लावला हे कागदावर दिसेल, त्यांच्या पदरात किती पडले हे मात्र दिसणार नाही. पुढील लेखात उत्पादक कंपन्यांची रचना, भागभांडवल आणि संचालक मंडळातील स्त्रियांचे स्थान यांचा विचार केला जाईल.