चर्चचे कॉलेज होते तेव्हा…

इंग्लंडमध्ये जुन्या चर्चची जागा कॉलेजला देताना काय पाहतात?

• वापराचा वर्ग : सप्टेंबर २०२० पासून प्रार्थनास्थळ आणि शिक्षणसंस्था एकाच ‘एफ१’ वर्गात मोडतात. त्यामुळे नुसता वापर बदलायला नियोजन परवानगी लागत नाही. विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय करायची, तर मात्र वर्ग बदलतो.

• वारसा : वास्तू संरक्षित यादीत असेल, तर तिचे रूप बदलणाऱ्या कामांना वेगळी संमती घ्यावी लागते, मग ते काम आतले का असेना.

• शेजाऱ्यांचा शब्द : चर्च ऑफ इंग्लंडची वास्तू बंद झाली, की नव्या वापराचा मसुदा जाहीर होतो. त्यावर कुणीही लेखी मत देऊ शकतो. हरकतीइतकेच पाठिंब्याचे पत्रही विचारात घेतले जाते.

• नमुना : ऑक्सफर्डच्या हाय स्ट्रीटवरचे ऑल सेंट्स चर्च. १७०० मध्ये त्याचा मनोरा कोसळला, अठराव्या शतकात ते नव्याने उभे राहिले. १९७१ मध्ये ते शेजारच्या लिंकन कॉलेजकडे आले आणि १९७५ मध्ये तिथे ग्रंथालय उघडले. जमीन चार फुटांहून अधिक उचलून खाली वाचनकक्ष काढले. रस्त्यावरून पाहणाऱ्याला मनोरा आजही तसाच दिसतो.