टू-डू लिस्टमधल्या खोट्या तारखा

आजचा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचा वाटतो, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना येणारे "म्हणजे" आणि "बघा" थोडे कमी केलेत, बाकी सगळं तेच.

विषय आहे टू-डू ॲप. "ताई, कुठलं ॲप चांगलं?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. त्याचं उत्तर देते, पण शेवटी. कारण ॲप डाउनलोड तर सगळेच करतात. आठ-दहा दिवस उत्साहाने भरतात, रंगीत लेबलं लावतात आणि मग ते उघडणंच बंद होतं. याचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते एकच आहे: आपण त्यात खोट्या तारखा टाकतो.

आधी, यादी कशाला हवी?

१९२७ साली ब्लूमा झाइगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंचं एक संशोधन प्रसिद्ध झालं. त्यांनी लोकांना छोटी छोटी कामं दिली आणि काही कामं मध्येच थांबवायला लावली. नंतर विचारलं, तर अर्धवट राहिलेली कामं लोकांना जास्त आठवत होती. पुढे इतरांनी असे प्रयोग केले तेव्हा दर वेळी तसाच निकाल आला असं नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर "अरे, लाईट बिल!" असं आठवणं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे.

२०११ साली मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोघांनी पुढचा प्रश्न विचारला. ही टोचणी थांबवायला काम पूर्णच करावं लागतं का? त्यांच्या प्रयोगांत दिसलं की ते काम कसं करणार याचा ठोस बेत आखला, तरी ते डोक्यात मध्ये मध्ये येऊन त्रास देणं कमी होतं.

म्हणजे यादीचं काम काय, तर डोक्याला भरवसा देणं. हे लिहिलंय, योग्य वेळी समोर येणार आहे, आत्ता सोड. पण हा भरवसा यादीवर विश्वास असेल तरच मिळतो. आणि तिथेच गडबड होते.

सगळंच लाल

माझी मामेबहीण इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनच्या धावपळीत होती. तिच्या फोनमध्ये टू-डू ॲप होतं आणि त्यात "नॉन-क्रीमी लेयर दाखला" हे कामही होतं, तारखेसकट. पण त्याच यादीत आणखी चाळीसएक कामं लाल झालेली होती. "कपाट आवरणे." "रोज ३० मिनिटं इंग्लिश." "पायथन कोर्स सुरू." सीईटी होऊन गेली तरी "मॉक टेस्ट ७" तिथेच पडून होती. या प्रत्येकाला तिने उत्साहाच्या भरात कुठली ना कुठली तारीख देऊन ठेवलेली.

आता ॲपला काय कळतं? तारीख उलटली की लाल. कपाटाचं लाल आणि दाखल्याचं लाल सारखंच दिसतं. रोज सकाळी चाळीस कामं लाल बघून तिने ते उघडणंच सोडलं, नोटिफिकेशनही बंद केलं. मुदतीत दाखला काही मिळाला नाही आणि त्या राउंडला तिला ओपनमधून धरलं गेलं. मामा दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. ती मला एकच वाक्य परत परत सांगत होती, "ताई, मी लिहून ठेवलं होतं गं." आणि ते खरं होतं. तिने लिहून ठेवलं होतं.

मुदत वेगळी, इच्छा वेगळी

तुमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय असेलच. आई त्यावर काय लिहिते ते आठवा. सिलिंडर कधी लावला, दूध किती दिवस आलं नाही, भिशी कधी, डॉक्टरांची तारीख कधी. "कपाट आवरायचं" हे कालनिर्णयवर कधी पाहिलंय? नाही ना. त्या चौकोनात फक्त खऱ्या गोष्टी जातात, म्हणून घरातले सगळे त्यावर विश्वास ठेवतात.

ॲपमध्ये तोच नियम लावायचा. तारीख टाकायच्या आधी स्वतःला विचारा: ही तारीख चुकली तर नक्की काय होईल? दंड पडेल, पैसे जास्त जातील, संधी जाईल, समोरचा माणूस ताटकळेल, असं काही उत्तर आलं तर ती मुदत आहे. परीक्षेचा फॉर्म, घरभाडं, गाडीचा इन्शुरन्स, पीयूसी, इन्कम टॅक्स रिटर्न. यांना तारीख हवीच.

"काही होणार नाही, उद्या करेन" असं उत्तर आलं तर ती तुमची इच्छा आहे. इच्छा वाईट नाही, ती यादीत नक्की ठेवा. पण तारीख न टाकता.

आता यातली एक महत्त्वाची खोच. दाखला १५ तारखेला द्यायचा असेल, तर १५ चा रिमाइंडर लावून उपयोग नाही. अर्ज करायचा, कागदपत्रं जोडायची, सही होऊन हातात यायला दिवस लागतात. म्हणून रिमाइंडर लावायचा तो सुरू करायच्या दिवसाचा, आणि शेवटची तारीख वेगळी. थिंग्ज या ॲपमध्ये या दोन तारखा वेगवेगळ्या टाकता येतात, टुडूइस्टनेही २०२४ मध्ये मुदतीची वेगळी सोय आणली. तुमच्या ॲपमध्ये एकच तारीख टाकता येत असेल तर कामाच्या नावातच लिहा: "नॉन-क्रीमी लेयरसाठी अर्ज करणे, मुदत १५ जून" आणि तारीख टाका २० मेची.

काम लिहायचं कसं

"गाडी." "पीएफ." "घरमालक." अशा एका शब्दाच्या नोंदी असतील तर त्या आधी बदला. कारण यादी बघताना आपण दमलेले असतो आणि "पीएफ" वाचून डोक्याला पुन्हा पहिल्यापासून विचार करावा लागतो. मग आपण ते सरळ पुढे सरकवतो.

डेव्हिड ॲलन यांचं "गेटिंग थिंग्ज डन" हे पुस्तक २००१ मध्ये आलं. आजच्या बऱ्याच टू-डू ॲप्समधल्या कल्पना त्यातून आल्यात. त्यांचा आग्रह असा की पुढची प्रत्यक्ष कृती लिहा. "पीएफ" ऐवजी "जुन्या ऑफिसच्या एचआरला यूएएन नंबर विचारणारा मेल टाकणे." वाचलं की हात कुठे हलवायचा ते कळलं पाहिजे. त्यांचाच दुसरा नियम: दोन मिनिटांत होणारं काम यादीत लिहीत बसू नका, तिथल्या तिथे उरका.

माझी मांडणी

माझ्याकडे चारच याद्या आहेत.

• टोपली: जे सुचेल ते आधी इथे. व्हॉट्सॲपवर कुणी काम सांगितलं, तरी ते इथे आणून टाकायचं. चॅटमध्ये स्टार करून ठेवलेला मेसेज पुन्हा कोण बघतं?
• मुदतीची कामं: तारीख फक्त याच यादीत.
• जमेल तेव्हा: कपाट, इंग्लिश, पुस्तकं, गोव्याची ट्रिप. तारीख नाही.
• वाट बघतेय: दुसऱ्यावर अडकलेली कामं. कुणाकडे काय आहे आणि कधी विचारायचं.

भाडं, बिलं, आईच्या गोळ्या आणणं अशी परत परत येणारी कामं एकदाच "दर महिन्याला" अशी लावून टाकलीत.

रोज सकाळी मी मुदतीची यादी बघते आणि "जमेल तेव्हा" मधून दोन-तीन कामं उचलते. मायक्रोसॉफ्ट टू डू मध्ये यासाठी "माय डे" आहे. ते रोज रात्री आपोआप रिकामं होतं. जे राहिलं ते मूळ यादीत तसंच राहतं. नवी सकाळ, कोरी पाटी.

आणि रविवारी चहा झाला की अर्धा तास. टोपली रिकामी करायची, झालेलं खोडायचं, पुढच्या दोन आठवड्यांच्या मुदती बघायच्या. जे काम महिनोन्‌महिने पडून आहे ते एक तर छोटं करायचं, नाहीतर मनापासून काढून टाकायचं. हा अर्धा तास गेला की बाकी सगळी मांडणी हळूहळू कोलमडते, त्यामुळे वाचवायचंच असेल तर आधी हे वाचवा.

मग कुठलं ॲप?

खरं सांगू? तुमच्या फोनमध्ये आहे ते. जीमेल वापरत असाल तर गूगल टास्क्स आयतंच आहे आणि कॅलेंडरमध्ये दिसतं. फक्त एक बघून घ्या, तुमची यादी बाहेर काढता येते का. वंडरलिस्ट नावाचं खूप लाडकं ॲप होतं. मायक्रोसॉफ्टने ते २०१५ मध्ये विकत घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. ॲप येतात आणि जातात. मुदत आणि इच्छा वेगळी ठेवायची सवय मात्र वहीतसुद्धा चालते.

आजचा गृहपाठ

तुमचं ॲप आत्ता सगळं लाल असेल, तर "सगळं उद्यावर ढकला" हे बटण दाबू नका. उद्या पुन्हा तेच होईल. प्रत्येक लाल कामाला तो प्रश्न विचारा, चुकलं तर काय होईल? उत्तर नसेल तर तारीख काढून टाका. वीस मिनिटं लागतील. शेवटी जी पाच-सहा कामं उरतील, त्यातल्या एखाद्याची मुदत कदाचित याच आठवड्यात असेल. ते आधी करा.

किती तारखा खोट्या निघाल्या ते मला कळवा. आणि कुणी मित्रमैत्रीण ॲडमिशनच्या किंवा नोकरीच्या गडबडीत असेल, तर हा भाग त्यांना आवर्जून पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!