दगडाची गाळणी

बालाघाटावरच्या वाशीत खाऱ्या पाण्याची टाकी ठेवायची म्हटली की आधी पाण्याचाच प्रश्न येतो. इथे बोअरचं पाणी जड. त्यातला क्षार समुद्राच्या कामाचा नाही. म्हणून आरओचं पाणी घेऊन त्यात तयार सागरी मीठ विरघळवायचं, शंभर लिटरला साधारण साडेतीन किलो. स्वयंपाकाच्या मिठावर भागत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियमही लागतं. हायड्रोमीटर १.०२५ दाखवू लागला की पाणी झालं.

मग फिल्टर. बंद डब्याचा कॅनिस्टर दिसायला सुबक, पण आमच्याकडे उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. पाणी फिरायचं थांबलं की माशांची घाण पचवणारे डब्यातले जिवाणू प्राणवायूवाचून मरू लागतात आणि वीज आल्यावर तीच घाण टाकीत येते. म्हणून मी दगड-वाळूचा मार्ग धरला. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये या पद्धतीबद्दल लिहिलं होतं: समुद्रातले जिवंत दगड, हवेचे बुडबुडे आणि उजेड, बास.

त्यांना समुद्र जवळ होता. आपल्याकडे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावरून प्रवाळाचा दगड उचलून आणणं गुन्हा. तेव्हा कोरडा, सच्छिद्र चुनखडीचा दगड घ्यायचा. तो पाण्यात सोडला की कितीतरी वेळ बारीक बुडबुड्यांच्या माळा वर येत राहतात. जितकी हवा बाहेर, तितकी जिवाणूंना आत जागा. आपला काळा पाषाण इथे फुकट मिळतो, पण घट्ट दगडातून एक बुडबुडा सुटत नाही.

नव्या दगडाला विरजण लागतं: जुन्या, निरोगी टाकीतला एखादा तुकडा किंवा मूठभर वाळू. जिवाणूंना खाद्य म्हणून बाजारातल्या सुकटीची चिमूट जाळीत बांधून सोडली. ती कुजली की अमोनिया होतो. अमोनियाची चाचणी घेतली की परीक्षानळीतलं पाणी पिवळ्याचं हिरवं होतं. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. दगडाच्या गाभ्यात, जिथे प्राणवायू जेमतेम पोचतो, तिथले जिवाणू त्यातलं काही नायट्रेट वायू करून सोडून देतात. हे बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळीतला रंग पुन्हा पिवळा होईपर्यंत मासा आणायचा नाही.

उरलेलं नायट्रेट शेवाळ खातं. शेजारच्या छोट्या कप्प्यात कीटोमॉर्फा नावाचं हिरव्या तारांच्या गुंत्यासारखं शेवाळ वाढतं. त्याचा दिवा रात्री लावायचा, म्हणजे मुख्य टाकी अंधारात असताना पाण्याचा सामू फार उतरत नाही. गुंता दाटला की मूठभर उपटून फेकायचा. त्याच्याबरोबर नायट्रेट, फॉस्फेटही टाकीबाहेर जातं.

वीज मात्र अजिबात लागत नाही असं नाही. दगडातल्या जिवाणूंनाही प्राणवायू हवाच, म्हणून बॅटरीवरचा एअरपंप तयार ठेवावा लागतो. मे महिन्यात पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. पृष्ठभागावर टेबलफॅन सोडला की पाणी गार होतं, पण आटतंही झपाट्याने. आटतं ते पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून रोजची भर गोड्या आरओ पाण्याचीच.

या पद्धतीत पैसे वाचतात, पण वेळ आणि संयम मोजावा लागतो. माझ्या टाकीत दोन क्लाउनफिश आहेत, हॅचरीत वाढलेले. नायट्रेट दर आठवड्याला तपासतो. आकडा चढायला लागला तर आधी खाणं कमी करतो. तिसऱ्या माशाचा विचार तो आकडा काही महिने जागचा हलला नाही तरच.