बंद घर उघडले, पण नळाला पाणी नाही

मे महिन्याची सुटी लागली, ईद आली किंवा घरात निकाह ठरला की कोकणातल्या कितीतरी मोहल्ल्यांत महिनोन्महिने बंद असलेल्या घरांची कुलपे उघडतात. मुंबईहून, आखाती देशांतून माणसे येतात. झाडलोट होते आणि नळ सोडल्यावर कळते की पाणीच नाही. घरात वीस माणसे, त्यांत वयस्क दादी आणि तान्ही मुले. प्लंबर सुटीच्या दिवसांत लवकर मिळत नाही.

मग अंदाज सुरू होतात. एक जण म्हणतो मोटर जळाली, दुसरा म्हणतो पाइप चोंदला. नवी मोटर आणली जाते आणि तरीही पाणी चढत नाही, कारण बिघाड विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हचा असतो. हा खर्च टाळायचा तर एक गोष्ट पुरे आहे : विहिरीपासून नळापर्यंत पाण्याची वाट ओळखायची आणि त्या वाटेवर एकेक ठिकाण तपासत जायचे. वाट साधी आहे. विहीर, पंप, टाकी, टाकीखालचा व्हॉल्व्ह, घरातली लाइन आणि शेवटी नळ. हे घरातल्या बायकांनी शिकून घ्यावे, कारण बहुतेक वेळा घरात त्याच असतात.

पहिला प्रश्न : किती नळ कोरडे?

घरातले सगळे नळ एकदा फिरून पाहा. एकाच नळाला पाणी नसेल तर दोष त्या नळातच आहे. तोंडावरची जाळी काढून धुवा. बंद घरात तिच्यात गंज आणि माती साचते. भिंतीतून नळाकडे येणारा छोटा कॉक कुणी बंद केला आहे का, तेही पाहा. थंड पाणी येते पण गरम येत नाही, तर गिझरकडे जाणारा कॉक तपासा. गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत गिझरचे बटण मात्र दाबू नका. रिकामा गिझर चालू केला की आतली कॉइल जळते.

सगळेच नळ कोरडे असतील तर टाकीकडे जा. टाकीत पाणी आहे आणि नळाला नाही, तर टाकीखालचा व्हॉल्व्ह पाहा. जुन्या गेट व्हॉल्व्हची मूठ फिरते, पण आतली पट्टी तुटून खालीच बसलेली असते. मूठ फिरते म्हणून व्हॉल्व्ह उघडला असे समजू नका.

व्हॉल्व्ह ठीक असेल तर लाइनमध्ये हवा अडकलेली असू शकते. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली की असे होते. सर्वांत खालचा नळ पूर्ण सोडून ठेवा. गुरगुर करत, थांबत थांबत पाणी आले तर हवा निघते आहे. दर वेळी हाच त्रास होत असेल तर टाकीतून निघणाऱ्या पाइपवर, टाकीच्या काठापेक्षा उंच असा हवेचा उभा पाइप बसवून घ्या.

धार बारीक आहे म्हणून मोठी टाकी घेण्यात अर्थ नाही. दाब टाकीच्या आकारावर नसतो, उंचीवर असतो. १० मीटर उंचीला साधारण १ किलो दाब मिळतो. टाकी नळापेक्षा ३ मीटर उंच असेल तर मिळणारा दाब त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच असणार.

पंप चालतो, पाणी चढत नाही

विहिरीच्या काठावर बसवलेल्या पंपाला पाणी ओढण्यासाठी पाइप आणि स्वतःचे पोट पाण्याने भरलेले लागते. घर बंद असताना ते पाणी हळूहळू विहिरीत उतरते. पंप बंद करून वरचा बूच उघडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाणी ओता. इथेच बिघाड कळतो. कितीही ओतले तरी पातळी खाली जात असेल तर फूट व्हॉल्व्ह किंवा खालचा पाइप गळतो आहे. पाणी भरून राहते आणि तरी चढत नाही, तर पंप आणि विहीर यांच्यामधला जोड हवा घेत असेल, किंवा विहिरीची पातळी फार खाली गेली असेल. असा पंप व्यवहारात ७ मीटरच्या आसपास खोलीवरूनच पाणी ओढू शकतो. मे महिन्यात पाणी त्याखाली गेले तर नवीन मोटरही तेच करणार.

पंप नुसता गुणगुणतो आणि फिरत नाही, तर लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळेल. बहुधा तो गंजून अडकलेला असतो किंवा कंडेन्सर गेलेला असतो. कंडेन्सरला हात लावू नका. वीज बंद केल्यावरही त्यात करंट राहतो. ते काम इलेक्ट्रिशियनचे.

पंप चांगला चालत असतानाच एक आकडा लिहून ठेवा. २० लिटरची बादली ३० सेकंदांत भरत असेल तर १००० लिटरची टाकी २५ मिनिटांत भरते. पुढच्या वर्षी त्याच टाकीला ५० मिनिटे लागली, तर बिघाड सुरू झाल्याचे पाणी पूर्ण थांबण्याआधीच कळेल.

टाकी रात्रीत रिकामी होते

निजण्यापूर्वी टाकीतल्या पातळीवर खूण करा, सगळे नळ बंद करा. सकाळी पातळी उतरली तर दुसऱ्या रात्री टाकीखालचा व्हॉल्व्हही बंद ठेवा. तरीही उतरली तर टाकी किंवा तिचा जोड गळतो. उतरली नाही तर गळती घरातल्या लाइनमध्ये आहे. संडासाच्या फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाका. फ्लश न करता अर्ध्या तासात भांड्यात रंग दिसला, तर चोर सापडला. वुजूच्या नळातून सेकंदाला एक थेंब पडत असेल तरी दिवसाला सुमारे ४ लिटर पाणी जाते. वायसर बदलला की काम होते.

पाणी आले, पण पिण्याजोगे आहे का?

बंद घरातले टाकीचे पाणी पूर्ण सोडून द्या, गाळ काढा, घासून धुवा. विहिरीसाठी चांगल्या ब्लीचिंग पावडरचे प्रमाण १००० लिटरला २.५ ग्रॅम. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत २ मीटर पाणी असेल तर ते सुमारे १४ हजार लिटर होते, म्हणजे ३५ ग्रॅम पावडर. ती बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचे निवळ पाणी रात्री विहिरीत मिसळा. सकाळी पाणी वापरा. पिण्याचे पाणी उकळूनच घ्या. टाकीचे झाकण घट्ट हवे आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला बारीक जाळी हवी. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो.

या दोन बाबतींत धाडस नको

नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत तो नळ कुणालाही वापरू देऊ नका. पंपाच्या लाइनवर अर्थिंग आणि करंट गळताच वीज तोडणारा आरसीसीबी असायलाच हवा.

दुसरे, फूट व्हॉल्व्ह काढायला किंवा गाळ उपसायला घरातल्या मुलाला विहिरीत किंवा जमिनीखालच्या टाकीत उतरवू नका. आत प्राणवायू कमी असू शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. बेशुद्ध पडलेल्याला काढायला उतरलेला दुसरा माणूसही दगावतो. फूट व्हॉल्व्ह पाइपासकट वर ओढूनच तपासावा.

परत जाताना कुलूप लावण्यापूर्वी गिझरची वीज बंद करा. टाकी रिकामी करून झाका, टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करा आणि पंपाचे फ्यूज काढा. कोणता व्हॉल्व्ह कुठे आहे याचे साधे चित्र काढून स्वयंपाकघराच्या दाराआड चिकटवा. पुढच्या वेळी घर उघडणारी कदाचित एकटी सून असेल, किंवा कॉलेजात जाणारा नातू. त्यांना ते चित्र सर्वांत आधी लागेल.