रस्ता आणि जोडरस्ता

पुण्याहून कोल्हापूरकडे येणारी एस. टी. पुलाची शिरोली मागे टाकते, पंचगंगा ओलांडते आणि थोड्याच वेळात ‘तावडे हॉटेल’ या नावाने सर्वांना ठाऊक असलेल्या ठिकाणी मोठा रस्ता सोडून डावीकडे उतरू लागते. आता कोल्हापूर शहर तर महामार्गाच्या उजव्या अंगाला आहे. मग गाडी डावीकडे का बरे वळते? कारण उघड आहे. समोरून भरधाव येणाऱ्या वाहनांच्या आडवे जाऊन उजवीकडे वळणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय. म्हणून गाडी आधी बाजूला उतरते, वेग कमी करते आणि महामार्गाच्या खालून शहराकडे निघते. महामार्ग रुंद करण्याची कामे निघाली, की असल्या ठिकाणची वळणे बदलतात. परंतु ती ज्या तत्त्वावर आखलेली असतात, ते बदलत नाही.

मोठ्या रस्त्यावरून उतरण्यासाठी किंवा त्यावर चढण्यासाठी केलेल्या अशा वाटेला आपण जोडरस्ता म्हणू. बांधकामावरील लोक तिला ‘रॅम्प’ म्हणतात. काही जोडरस्ते दीड-दोनशे मीटरांत संपतात, तर काही वळसे घेत घेत किलोमीटरभर लांबतात. उलट, काही मोठे रस्ते चांगलेच आखूड असतात. तेव्हा एखादा चौकस विद्यार्थी सहज विचारील, की आखूड महामार्ग आणि लांबलचक जोडरस्ता यांत फरक तो कोणता? दोहोंवर डांबर तेच, पांढरे पट्टे तेच, आणि दोहोंवर मध्येच गाडी उभी करण्यास मनाईही तीच.

प्रथम ‘मुक्त मार्ग’ या शब्दाचा उलगडा करू. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. तो सुमारे ९४.५ किलोमीटर लांब आहे. त्यावर पथकर द्यावा लागतो, तरीही तो या अर्थाने मुक्तच आहे. ज्या रस्त्याला दुसरा रस्ता आडवा छेदत नाही, ज्यावर चौक नाहीत, तांबडे-हिरवे दिवे नाहीत आणि ठरावीक जागा सोडून कोठूनही आत शिरता येत नाही, तो रस्ता अडथळ्यांपासून मुक्त होय. द्रुतगती मार्गावर दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यांना मज्जाव आहे. आपल्याकडील महामार्ग इतका मुक्त नाही. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या त्यावर संथपणे चालताना कोल्हापूरच्या मुलांनी कितीदा तरी पाहिल्या असतील.

आता लांबीचा विचार करू. मुंबईतील पूर्व मुक्त मार्ग २०१३ साली अंशतः आणि २०१४ साली पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. दक्षिण मुंबईतील बंदराच्या बाजूने निघून तो घाटकोपरला पूर्व द्रुतगती महामार्गास मिळतो. त्याची लांबी अवघी १६.८ किलोमीटर! अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात १९६४ साली खुला झालेला ३७५ क्रमांकाचा मार्ग तर जेमतेम १.७ किलोमीटर लांबीचा होता. कोल्हापूरच्या माणसाने मनात आणले, तर एवढे अंतर तो सकाळच्या फिरण्यात सहज चालून जाईल. तरीही त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला आणि त्या देशाच्या आंतरराज्य महामार्गांत त्याची गणना झाली.

या क्रमांकांची गोष्ट मोठी मौजेची आहे. ३७५ म्हणजे ७५ क्रमांकाच्या महामार्गाची शाखा. आपल्या देशातही २०१० साली राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले, तेव्हा अशीच पद्धत स्वीकारली गेली. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य महामार्गांना सम क्रमांक मिळाले आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. कोल्हापूरजवळून जाणारा पुणे–बंगळूर महामार्ग पूर्वी ४ क्रमांकाचा होता. तो आता ४८ क्रमांकाचा झाला आहे. कोकणातून किनाऱ्याच्या दिशेने जाणारा महामार्ग ६६ क्रमांकाचा. आणि रत्नागिरीकडून आंबा घाट चढून कोल्हापूरला येणारा, तेथून पुढे सांगली-मिरजेवरून सोलापूरकडे जाणारा महामार्ग कितव्या क्रमांकाचा? १६६! म्हणजे नियमाप्रमाणे तो ६६ ची शाखा ठरला. परंतु या शाखेची लांबी शेकडो किलोमीटर आहे, आणि तिला जोडरस्ता म्हणण्याचे धाडस कोणीही करणार नाही. शाखा असणे निराळे आणि जोडरस्ता असणे निराळे. सांगलीचा रस्ता जेथे महामार्गापासून फुटतो, त्या शिरोलीजवळच्या जागेला लोक ‘सांगली फाटा’ म्हणतात. येथेही गंमत पाहा: ‘फाटा’ हे नाव त्या जागेचे आहे, पुढच्या रस्त्याचे नव्हे. फाटा ओलांडून शंभर पावले पुढे गेले, की लोक त्याला सांगली रस्ता म्हणू लागतात.

कोल्हापूरच्या रेल्वेने ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. मिरज ते कोल्हापूर हा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. तोही एक फाटाच. मिरजेला फुटतो आणि कोल्हापूरला संपतो. लांबी पन्नास किलोमीटरांच्याही आत. परंतु वाटेत जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, वळिवडे अशी स्थानके लागतात. तेथे माणसे चढतात, उतरतात. हातकणंगल्याच्या मनुष्याला मिरजेच्या पुढे काय आहे, याच्याशी कर्तव्य नसले, तरी हा मार्ग त्याच्या कामाचा आहे. आता स्थानकाच्या आवारात मुख्य रुळापासून फुटून मालधक्क्याकडे जाणारा रूळ पाहा. रेल्वेतील लोक त्याला ‘सायडिंग’ म्हणतात. तो कितीही लांबविला, तरी त्यावर प्रवास असा कोणी करीत नाही. डबा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेणे, एवढेच त्याचे काम.

रस्त्यांचेही असेच आहे. रस्ता अंतर तोडण्यासाठी असतो. जोडरस्ता रस्ता बदलण्यासाठी असतो. माझ्या मते सारा फरक या एका वाक्यात सामावला आहे.

मग जोडरस्ते लांब का करावे लागतात? त्याला दोन कारणे आहेत, आणि दोन्ही गणिताने कळण्याजोगी आहेत. पहिले कारण उंची. खालच्या रस्त्यावरून भरलेला ट्रक सुखरूप जावा, म्हणून वरचा रस्ता सुमारे सहा मीटर उंच न्यावा लागतो असे धरा. उसाची गाडी दमू नये म्हणून तीस मीटर चालीला एक मीटर एवढाच चढ ठेवला, तर सहा मीटर चढण्यास १८० मीटर लांबी लागते. दुसरे कारण वेग. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते, तर ताशी ४० च्या वेगाने केवळ ११ मीटर. आतील माणसांना हिसका न बसता वेग शंभरावरून चाळीसवर आणावयाचा, तर सव्वादोनशे मीटर सहज खर्ची पडतात. चढताना याच्या उलट. महामार्गावरची वाहने शंभराच्या वेगाने धावत असता त्यांत चाळीसच्या वेगाने घुसणे धोक्याचे असते. म्हणून त्यांच्याइतका वेग येईपर्यंत जोडरस्ता लांबवावा लागतो. खालच्या रस्त्यांची दाटी असेल आणि वळसाही घ्यावा लागला, तर लांबी आणखी वाढते. म्हणजे ही लांबी प्रवासाची नव्हे, ती तयारीची आहे.

एक अवघड उदाहरण घेऊन आपला नियम तपासून पाहू. मुंबईतील वांद्रे–वरळी सागरी सेतू २००९ साली खुला झाला. त्याची लांबी ५.६ किलोमीटर. त्यावर एकदा चढले, की मध्ये कोठेही उतरता येत नाही. खाली समुद्रच आहे! मध्ये चढ-उतार नाही म्हणून त्याला जोडरस्ता म्हणावे काय? तसे म्हणता येणार नाही. माहीमच्या उपसागराला वळसा घालण्याचे अंतर वाचावे, म्हणूनच तो बांधला गेला. दोन्ही दिशांची वाहतूक त्यावरून चालते, आणि वाहने वेग बदलण्यासाठी नव्हे, तर एका वेगाने पलीकडे जाण्यासाठी तेथे येतात. जोडरस्ता बहुधा एकाच दिशेचा असतो आणि त्याच्या दोन टोकांना वेग निरनिराळा असतो. ‘मध्ये चढ-उतार आहे काय?’ हा प्रश्न उपयोगी खरा, पण एकट्याने निकाल देण्यास पुरेसा नाही. आणि हेही सांगितले पाहिजे, की काही ठिकाणी नाव रूढीने पडते. अभियंत्यांतही अशा नावांवरून मतभेद होतात.

आणखी एक परीक्षा कोल्हापूरकरांना महापुराने घेऊन दाखविली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. महामार्गाचा तेवढा भाग तुटला, तरी बाकीचा महामार्ग रस्ताच राहतो. पाणी नसलेल्या गावांना तो तेवढाही उपयोगी पडतो. जोडरस्त्याचे तसे नाही. तो ज्या दोन रस्त्यांना जोडतो, त्यांपैकी एक बंद पडला, की कोरडाठाक असूनही तो निरुपयोगी होतो.

हा भेद न ओळखल्यास मोठी चूक घडते. लांब, सरळ जोडरस्त्यावर चालकाला वाटते, आपण अजून महामार्गावरच आहोत. तो वेग कमी करीत नाही, आणि टोकाला अचानक शहरातील वळण, सायकलस्वार किंवा शाळेतून सुटलेली मुले समोर येतात. वेग अडीचपट असला, तर गाडी थांबण्यास लागणारे अंतर अडीचपट नव्हे, तर सहापटींहून अधिक होते. म्हणून तेथे वेगमर्यादेची पाटी लावलेली असते. पायी चालणाऱ्यानेही जोडरस्ता ओलांडण्याच्या फंदात पडू नये. रस्ता अरुंद दिसतो खरा, परंतु वळणाआडून येणारी गाडी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

अपघात झाला, तर हा फरक आणखी एका रीतीने जाणवतो. महामार्गाला क्रमांक असतो आणि त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकांवर दूरध्वनी करताना ‘महामार्ग ४८, अमुक किलोमीटर, कागलच्या बाजूला’ एवढे सांगितले, की जागा कळते. जोडरस्त्याला बहुधा स्वतःचे नाव नसते. तेथे अडकलेल्या माणसाला दोन रस्त्यांची नावे सांगावी लागतात: आपण कोणत्या रस्त्यावरून उतरलो, आणि कोणत्या रस्त्याकडे निघालो होतो.